काठीच्या खेळातील श्रेष्ठ कोण?

टेबलावरील चेंडू काठीने पिशवीत घालण्याच्या स्नूकर या खेळात सर्वश्रेष्ठ धंदेवाईक कोण? जो डेव्हिसने १९२७ ते १९४६ या काळात १५ जागतिक अजिंक्यपदे मिळविली. परंतु १९३१ साली स्पर्धक अवघे दोन होते! रॉनी ओ'सलिव्हनने २००१ ते २०२२ पर्यंत ७ मिळविली, पण पुष्कळांना मागे सारून. माझा कौल त्याला.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ व १९६४ साली याच काठीच्या बिलियर्ड्‌स खेळात जगज्जेते झाले. पण हौशी गटात, म्हणून धंदेवाईकांच्या यादीत त्यांना जागा नाही. मजुरी न घेतल्याने हातचे कसब उणावत नाही, हे आम्ही कामगार जाणतो. अजिंक्यपदे मोजताना दाराबाहेर कोण राहिले, हेही विचारावे.