सायलेन्सर : हलका की शांत?
बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचे पेटंट हिराम पर्सी मॅक्सिम यांना 1909 मध्ये मिळाले. दुचाकीच्या सायलेन्सरचे तत्त्वही तेच : दाबाखालचा वायू कप्प्याकप्प्यांतून हळूहळू सुटू द्यायचा. त्याला जागा आणि पत्रा लागतो, म्हणून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या दुचाकी कारखान्यातून येणाऱ्या गाडीचा मूळ सायलेन्सर जड असतो. बाजारातले पोकळ नळकांडे हलके खरे, पण वाचलेले वजन स्वाराच्या वजनापुढे नगण्य. उलट आवाज 10 डेसिबलने वाढला की ध्वनिऊर्जा दहापट होते. मोठ्या आवाजाने लोक सावध होतात, असे म्हणतात. पण नळीतला आवाज मुख्यतः मागे फेकला जातो, आणि स्वाराला धोका बहुधा समोरून असतो. ताकद वाढते म्हणावे, तर इंधन-हवेचा मेळ पुन्हा साधला नाही तर ती घटूही शकते. रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा 40 डेसिबल आहे. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात खाटेवर पडलेल्याला हा फटफटाट चुकवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 182-अ कलमाने अशा फेरबदलासाठी वाहनमालकाला 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नळी बसवून देणाऱ्या गॅरेजवरही तितकीच कडक कारवाई हवी.