चार बोटांची फट

पुलांच्या फटींमधून मी आजवर काय काय काढलं, त्याची यादी एका जुन्या डायरीत आहे. थर्माकोल. शटरिंगच्या प्लायची कुजलेली पट्टी. खडी, वाळू, गुटख्याच्या पुड्या. लहान मुलाची एक चप्पल. आणि सातारा जिल्ह्यातल्या एका पुलाच्या फटीत तर पिंपळाचं वीतभर रोप, चांगलं टवटवीत. नोकरीची एकोणतीस वर्षं पुण्यातल्या एका डिझाइन ऑफिसात गेली, पण टेबलावर जितका वेळ आकडेमोड केली जवळजवळ तितकाच वेळ खांबांच्या माथ्यावर रांगत, बॅटरी मारून या फटी बघण्यात गेला असेल.

एसटीने पूल ओलांडताना ठरावीक अंतराने चाकाखाली ‘धाड’ होतं, तीच ही जागा. पुस्तकात तिला प्रसरण सांधा म्हणतात. साइटवर असं बोललात तर लोक वळून बघतील. तिथे लोखंडी कडांमध्ये बसवलेलं रबर म्हणजे ‘जॉइंट’, आणि त्याच्याखाली दोन गाळ्यांच्या, म्हणजे खांबा-खांबांमधल्या पुलाच्या तुकड्यांच्या, टोकांमध्ये मोकळी सोडलेली जागा म्हणजे ‘गॅप’. चाळीस मीटरचा काँक्रीटचा गाळा तीस अंशांनी तापला तर साधारण १४ मिलिमीटर लांबतो. शिवाय बांधल्यानंतर काही वर्षं काँक्रीट हळूहळू आकसत जातं, ते वेगळं. एवढ्या हालचालीला चार बोटांची फट पुष्कळ झाली.

भूकंपाचा हिशोब मात्र वेगळा.

त्या पिंपळाच्या पुलावर आमच्याबरोबर एक वयस्कर मुकादम होते, पाटणकडचे. गॅपमधला थर्माकोल काढा म्हटल्यावर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की बाई. बुजल्यालं बरं. पाणी तरी गळत न्हाई.” त्यांचं अगदीच चूक नव्हतं. रबर फाटलं की पावसाचं पाणी त्या फटीतून, गाळा ज्यावर टेकतो त्या बेअरिंगवर उतरतं आणि गंज सुरू होतो. पण थर्माकोलने पाणी थांबत नाही, नुसतं मुरतं. आणि थर्माकोलभोवती खडी-माती घट्ट बसली की गॅप नावापुरतीच उरते. मी भूकंपाचं सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. “भूकंपाचं मला सांगताय व्हय? सदुसष्टला मी गोठ्यात झोपलो हुतो.”

मग आम्ही दोघंही त्या पहाटेबद्दल बोलत बसलो. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. मी सात वर्षांची, कऱ्हाडला. आमचं घर दोन तुकड्यांचं होतं: पुढे पणजोबांच्या वेळचं दगडमातीचं, मागे वडिलांनी बांधलेली विटांची खोली, दोन्ही एकमेकांना खेटून. दोन्ही उभी राहिली. पण जुनं जिथे नव्याला टेकलं होतं तिथे आढ्यापासून जोत्यापर्यंत भेग, आणि वरच्या कोपऱ्यात विटांचा चुरा. आजी म्हणाली, “भिंती भांडल्या.” पुढे कॉलेजात ‘पाउंडिंग’ हा शब्द शिकले तेव्हा मला तो कोपराच डोळ्यांसमोर आला. आजीची व्याख्या आमच्या प्राध्यापकांच्या व्याख्येपेक्षा सरस होती.

पुलातही हेच घडतं. बंगळीला लांब कड्या असतील तर ती सावकाश झुलते, आखूड असतील तर भराभर. उंच खांबांवरचा गाळा आणि काठाजवळच्या बुटक्या खांबांवरचा गाळा यांचंही तसंच. जमीन हलते तेव्हा एक पुढे निघालेला असतो आणि शेजारचा मागे येत असतो. मग ते एकमेकांवर आपटतात. पुढच्या क्षणी दोघे विरुद्ध दिशांना जातात. फट चार बोटांची असते, ती क्षणात हातभर होऊ पाहते.

आपटल्याच्या खुणा मी पहिल्यांदा धडपणे पाहिल्या त्या सुरजबारीला. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर काही आठवड्यांनी आम्ही तिघे कच्छला गेलो होतो. सौराष्ट्रातून कच्छमध्ये शिरताना खाडीवर हा सव्वा किलोमीटरचा पूल लागतो. गाळ्यांच्या टोकांचे टवके उडालेले, बेअरिंगं जागची हललेली. माझ्याबरोबरचा तरुण मुलगा एकेका फुटलेल्या कोपऱ्याचे फोटो काढत सुटला. मी त्याला म्हटलं, बाळा, फुटलेलं बघू नकोस, उरलेलं बघ. गर्डरचं टोक खांबावर अजून किती आत टेकलंय ते मोज.

कारण आपटल्याने पूल जखमी होतो, पण जीव जातो तो गाळा टेकण्यावरून घसरला की. त्याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांना जोडणारा बे ब्रिज. १७ ऑक्टोबर १९८९, संध्याकाळचे ५ वाजून ४ मिनिटं. ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप, आणि तोही पुलापासून शंभरएक किलोमीटर लांब. १९३६ साली खुला झालेला हा पूल दुमजली. पूर्वेकडच्या भागात ई-९ नावाच्या खांबावर दोन वेगळ्या प्रकारच्या ट्रसची, म्हणजे लोखंडी सांगाड्यांची, गाठ पडत होती. तिथले बोल्ट कातरले गेले आणि ट्रस सुमारे ७ इंच सरकला. त्या जागी रस्त्याचा तुकडा ज्यावर टेकला होता ती बैठक होती जेमतेम ५ इंचांची. वरच्या मजल्याचा सुमारे १५ मीटर लांबीचा तुकडा खालच्या मजल्यावर कोसळला. त्या खड्ड्यात मोटार गेल्याने एक जण दगावला. बाकी सगळा पूल उभा होता. महिनाभरात तो दुरुस्तही झाला. एवढ्या अवाढव्य लोखंडी पुलात कमी पडले ते दोन इंच.

आपल्याकडे रस्त्यांच्या पुलांसाठी या टेकण्याच्या लांबीचं एक सूत्र आहे आणि मला ते फार आवडतं, कारण ते शाळेतल्या मुलालाही सोडवता येतं. भूकंपाच्या चौथ्या आणि पाचव्या क्षेत्रासाठी: ३०५ मिलिमीटर, अधिक गाळ्याच्या दर मीटरमागे अडीच, अधिक खांबाच्या उंचीच्या दर मीटरमागे दहा. चाळीस मीटरचा गाळा आणि दहा मीटरचा खांब घ्या. ३०५ अधिक १०० अधिक १००, म्हणजे ५०५ मिलिमीटर. अर्धा मीटर. कमी धोक्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्षेत्रात याच पुलाला सुमारे ३३६ मिलिमीटर पुरतात. खांब उंच तेवढा माथा जास्त डोलणार आणि गाळा लांब तेवढी हालचाल जास्त, हे व्यवहारज्ञान त्या तीन आकड्यांत बसवलंय. ठेकेदार खांबाच्या माथ्याची रुंदी कमी करून काँक्रीट वाचवायला बघतो तेव्हा मी त्याला बे ब्रिजची गोष्ट सांगायचे. दोनदा उपयोग झाला, एकदा नाही.

कॅलिफोर्नियाने हा धडा खरं तर आधीच घेतला होता. ९ फेब्रुवारी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात महामार्गाचे गाळे बैठकीवरून सटकून पडले, तेव्हा त्यांनी जुन्या पुलांचे शेजारशेजारचे गाळे पोलादी केबलने एकमेकांना बांधायला घेतले. गाय दाव्याला बांधतात तसं: हिंड, चर, पण दाव्याच्या लांबीपलीकडे जाऊ नकोस. पण १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला तेव्हा गॅव्हिन कॅन्यनवरचे महामार्गाचे पूल केबल असूनही सांध्यांपाशी पडले. बैठका फक्त ८ इंचांच्या होत्या आणि पूल तिरकस होते. तिरकस पूल हलताना गोल फिरू पाहतो आणि एका कोपऱ्यातून सुटतो. दाव्यावर विसंबून गोठा आखूड बांधला की असं होतं. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला आणि निशिनोमियाच्या बंदराजवळच्या मोठ्या कमानी पुलाला लागून असलेला पन्नासेक मीटरचा गाळा अलगद सुटून खाली आला. कमान शाबूत होती.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. व्याख्यानात कोणी तरी उठतोच: मॅडम, मग फटच मोठी ठेवा ना, आणि तेवढा मोठा जॉइंट बसवा. बसवता येतो. पोलादी पट्ट्यांची रांग आणि मध्ये रबर, असे मॉड्युलर जॉइंट मिळतात. पण जॉइंट जितका मोठा, तितके त्याचे भाग जास्त, आवाज जास्त, दुरुस्ती जास्त. पन्नास-शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी रोजच्या प्रत्येक ट्रकखाली एवढं यंत्र कुटत ठेवायचं, हे परवडत नाही. मग करायचं काय? युरोपच्या संहितेत याचं उत्तर मोठ्या प्रामाणिकपणे लिहिलंय. अशा सांध्याची गॅप ठरवताना डिझाइनमधल्या भूकंपाची सगळी हालचाल धरायची गरज नाही. तिच्यातले ४० टक्के धरा, त्यात तापमानाची निम्मी हालचाल आणि काँक्रीट आकसण्याची कायमची हालचाल मिळवा. मोठा भूकंप आला तर जॉइंट मोडेल. मोडू द्या. फक्त तो कसा मोडणार हे आधी ठरवून ठेवा आणि मोडल्यावर दुरुस्त करता येईल असा बांधा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चरकले होते. आमची पिढी ‘मोडणार नाही’ हेच शिकत आलेली. पण न्यूझीलंडवाले हेच फार पूर्वीपासून करतात. पुलाच्या टोकाशी, काठावरच्या भिंतीच्या माथ्यावर, काँक्रीटचा एक तुकडा मुद्दाम कमजोर ठेवतात. भूकंपात पूल त्याला धडकला की तो उडून जातो आणि पूल मोकळेपणाने हलतो. मागची भिंत वाचते, पाया वाचतो. काही जॉइंटांना तर फ्यूजच असतो. फट ठरावीक मर्यादेपलीकडे आकसली की त्याची एक बाजू सुटते आणि झाकणासारखी वर उचलली जाते. नंतर त्यावर लोखंडी पत्रा टाकला की रुग्णवाहिका पार होते. घरातला फ्यूज उडाला म्हणून आपण वायरमनला शिव्या देत नाही ना!

बे ब्रिजचा पूर्वेकडचा नवा भाग २०१३ साली सुरू झाला. माझी भाची तिकडे राहते. तिने मला मुद्दाम त्यावरून नेलं आणि मी सगळ्या प्रवासभर रस्त्याकडे न बघता सांध्यांकडेच बघते म्हणून चिडली. त्या सांध्यांच्या आत, रस्त्याखाली, सुमारे ६० फूट लांबीचे पोलादी नळ आहेत, माणूस आत उभा राहील एवढ्या व्यासाचे. एका तुकड्यातून दुसऱ्यात ते नळ दुर्बिणीच्या नळीसारखे सरकतात, त्यामुळे पूल लांबीत हलू शकतो, पण वर-खाली किंवा आडवा सुटू शकत नाही. आणि नळाच्या मधल्या भागाचं पोलाद मुद्दाम मऊ घेतलंय. मोठा भूकंप आला तर तेवढाच भाग वाकायचा आणि नंतर तेवढाच बदलायचा.

ग्रीसमधल्या रिओ-अँटिरिओ पुलाने निराळाच रस्ता धरला. २००४ साली खुल्या झालेल्या या पुलाचा केबलवर तोललेला रस्ता २,२५२ मीटर सलग आहे, मध्ये सांधाच नाही. कॉरिंथच्या आखाताचे दोन्ही काठ एकमेकांपासून हळूहळू दूर चाललेत, म्हणून दोन खांबांमध्ये दोन मीटरची कायमची सरक धरून त्याचं डिझाइन केलंय. सगळी हालचाल दोन्ही टोकांच्या सांध्यांवर सोपवली: रोजच्या वापरात अडीच मीटर, अतितीव्र भूकंपात पाच मीटर. पाच मीटर म्हणजे आमच्या ऑफिसातली माझी अख्खी खोली. चार बोटांच्या फटी साफ करत आयुष्य काढलेल्या बाईला तो आकडा वाचून हेवा वाटला, हे कबूल करते.

आमच्या त्या सातारच्या पुलावर शेवटी मुकादमांनी स्वतःच सळई घेतली आणि दोन दिवस बसून सगळी गॅप मोकळी केली. पिंपळ मात्र त्यांनी मुळासकट काढून काठावर लावला, मारला नाही. नवीन रबर बसलं, जॉइंटच्या कडा सरळ झाल्या. आम्ही कागदावर लिहून दिलं: डांबराचा नवा थर देताना जॉइंट उघडा ठेवावा.

चारेक वर्षांनी त्याच रस्त्याने कऱ्हाडला निघाले होते. रस्त्यावर नुकतंच डांबर पडलेलं, काळंभोर, मऊशार. पूल आला आणि गेला, ‘धाड’ म्हणून झालंच नाही. ड्रायव्हर खूश. म्हणाला, “बघा मॅडम, काय रस्ता केलाय, पूल आल्याचं कळलंबी न्हाई.”

मी त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.