बोर्ड गेलाय, म्हणजे नेमकं काय गेलंय?

आमच्या घरी वॉशिंग मशीन असो की एसी, बंद पडलं की निदान एकच: "बोर्ड गेला." मीही तेच म्हणायचो. मेच्या सुट्टीत भोपाळला मामाकडे राहिलो आणि ती सवय मोडली.

१९५६ मध्ये मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तशी अनेक मराठी कुटुंबंही आली. मामाचं त्यांपैकीच. आता तो बाग सेवनियात घराच्या पुढच्या खोलीत मशीनचे बोर्ड दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो, सोल्डरिंग आयर्नशी मराठीत.

मागच्या गल्लीत एका भाभींचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन आहे. चार टाके घातले की थांबायचं आणि स्क्रीनवर यायचं: मुख्य शाफ्ट जागेवर नाही. कुणीतरी सांगून गेलं होतं, बोर्ड बदला, ४० हजार. लग्नसराईचे लेहंगे अर्धवट पडलेले, मशीनचा हप्ता डोक्यावर.

या मशीनमध्ये सुई कापडात असताना फ्रेम सरकली तर सुई तुटते. म्हणून शाफ्ट कोणत्या कोनात आहे हे बोर्डाला सतत कळावं लागतं. ते कळवतो शाफ्टवरचा एन्कोडर. शाफ्ट फिरला की तो ठोके पाठवतो, बोर्ड ते मोजतो. मामा म्हणाला, "स्क्रीन सांगते ते बोर्डाला काय दिसलं ते. काय बिघडलं ते नाही." म्हणजे संशयित अनेक: एन्कोडर, त्याची वायर, कनेक्टर, सप्लाय, आणि मग बोर्ड.

आधी तो नुसता बघतो. जळका डाग, मुंग्या, पाल (हो, पाल, बोर्डावर चिकटून मेलेली त्याने अनेकदा काढलीय). मी उत्साहाने सप्लायच्या डब्यात बोट घालणार, तोच त्याने हात धरला. २३० व्होल्ट एसीचं डीसी झालं की मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथेच बसून असतात. ते रेझिस्टर लावून उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच हात.

नंतर त्याने शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला. ठोके बोर्डापर्यंत बरोबर येत होते. वायर हलवून पाहिली, तरी बरोबर. मोटर सुरू केली की मात्र मोजणी चुकायची. मग मोटर चालताना वेगळं काय होतं? लोड वाढतो. एन्कोडरला जाणारे ५ व्होल्ट मोजले तर मीटर ४.९ दाखवत होता. मी म्हटलं, ठीक तर आहे! "अरे, मीटर सरासरी दाखवतो," म्हणत मामाने जुना ऑसिलोस्कोप लावला. सरळ रेघ हवी तिथे कंगव्याचे दात! प्रत्येक खड्ड्यात एखादा ठोका हरवत होता.

दोष सप्लायमधल्या एका कपॅसिटरचा. तो फुगलेलाही नव्हता, म्हणून नजरेतून सुटला. आतलं द्रावण उष्णतेने वाळत जातं आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. भाभींचं मशीन पत्र्याखाली, आणि भोपाळचा मे!

मला सर्वांत लागलं ते वेगळंच. ४० हजारांचा नवा बोर्ड बसवला असता तरी तो याच सप्लायवर चालला असता, आणि तीच चूक दाखवली असती.

बोर्ड खरंच जातोही. मुख्य चिप आतून शॉर्ट झाली की वीज देताच चटका बसण्याइतकी तापते. नवी चिप मिळते, पण तिच्यातला प्रोग्रॅम कंपनीकडेच असतो. तेव्हा मामा सरळ सांगतो, नवा घ्या.

कपॅसिटर १०५ अंशांचा बसवला. मशीनने अर्धवट राहिलेला मोर न थांबता पुरा केला. "भैया, बस इतना सा था?" भाभींनी विचारलं. मामाने मार्करने सप्लायवर तारीख लिहिली आणि बाकीचे कपॅसिटरही त्याच वयाचे आहेत, दिवाळीपूर्वी एकदा दाखवा, असं बजावलं.