भरतीची धाव पावसाळ्यात नको

मुंबईत घाटकोपर पूर्वेला लोहमार्ग पोलिसांचं मैदान आहे. पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवार अशा मैदानांवर १६०० आणि १०० मीटर धावतात, गोळा फेकतात, एकूण गुण ५०. यातून निवडलेल्यांनाच १०० गुणांची लेखी परीक्षा देता येते. वर्षभराच्या सरावाचा निकाल असा काही मिनिटांत लागतो. तरीही २०२४ची मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाळ्यात सुरू झाली. चिखलात पाय रुततो, ओला गोळा हातातून निसटतो, गुण जातात. पोलिसाला पावसातही धावावं लागतंच, असं कुणी म्हणेल. खरंय, पण ते प्रशिक्षण केंद्रात शिकवता येतं. स्पर्धेत मात्र कोरड्यात धावलेला आणि चिखलात धावलेला एकाच गुणवत्ता यादीत येतात. पर्यायी तारीख दिली, तरी मुंबईतल्या वाढीव मुक्कामाचा खर्च गावाकडच्या पोरांच्याच खिशातून जातो. चाचणी हिवाळ्यातच घ्यायला हवी.