महिन्याला एक ग्लास!

'एक स्ट्राँग, एकदम चिल्ड!' बीअरची आपली ऑर्डर इथे सुरू होते आणि इथेच संपते. आता चहाचं बघा. अमृततुल्यवर उभं राहिलं की आलं जास्त, साखर कमी, गुळाचा, कडक, कटिंग असे दहा नखरे. मिसळ पुण्याची भारी, कोल्हापूरची की नाशिकची, यावर तर ग्रुप फुटतात. बीअरच्या बाबतीत मात्र एकच प्रश्न असतो, 'किती?' कुठली, कशाची, कुणी बनवलेली, हे कुणी विचारतच नाही.

क्राफ्ट बीअरमुळे हे प्रश्न विचारण्यात मजा यायला लागली आहे. म्हणून या पानासाठी एक कॅलेंडर बनवलंय. महिन्याला एक प्रकार आणि एकच ग्लास. कॉलेजचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणून आपलंही जूनपासून.

पण आधी एक गोष्ट. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, बाकी दारूसाठी २५. कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो. त्यामुळे हे कॅलेंडर २१ पूर्ण झालेल्यांसाठी आहे. एफवाय-एसवायवाल्यांनो, वाचा, लक्षात ठेवा, पण थांबा. आणि २१ नंतरही ज्याला प्यायचीच नाही, त्याने काहीच मिस केलेलं नाही.

देवळालीचं नाव, पुण्याची बीअर

क्राफ्ट बीअर म्हणजे छोट्या प्रमाणावर, ब्रुअरच्या देखरेखीखाली बनवलेली बीअर. जिथे बनते तिथेच नळातून ग्लासात येते, ती जागा मायक्रोब्रुअरी. आपल्याकडे याची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये सुरू झालेली 'डूलाली' ही देशातली पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. नावाची गंमत माहितीय? नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिशांची छावणी होती. घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत सैनिक तिथे महिनोन्‌महिने अडकायचे आणि कंटाळून वेडे व्हायची वेळ यायची. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला, असा शब्दच रूढ झाला.

'लोकल' बीअरमध्ये लोकल काय असतं, हा प्रश्न रास्त आहे. बार्ली मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणाकडची. कडूपणा आणि सुगंध देणारी हॉप्सची फुलं हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात थोडी होतात, पण बरीचशी परदेशातून येतात. मग आपलं काय? पाणी, ब्रुअरचा हात, ताजेपणा आणि त्या-त्या मोसमात बाजारात असलेलं फळ. म्हणूनच बीअर महिन्यानुसार बदलायला हवी.

एक टिप. इथे ब्रँडपेक्षा स्टाइलचं नाव लक्षात ठेवा. मायक्रोब्रुअरीच्या नळांवरच्या बीअर बदलत राहतात, स्टाइल मात्र कुठेही ओळखता येते.

जून : हेफेवायझन. पहिल्यांदा चाखणाऱ्यांसाठी बेस्ट. बव्हेरियातली गव्हाची बीअर, दिसायला गढूळ. वास घ्या, पिकलेलं केळं आणि लवंग येईल. यात ना केळं घातलेलं असतं ना लवंग, हा सगळा यीस्टचा प्रताप. कडूपणा अगदी कमी.

जुलै : पोर्टर किंवा स्टाउट. बाहेर धो-धो पाऊस, समोर कांदाभजी आणि ग्लासात काळीकुट्ट बीअर. काळा रंग खरपूस भाजलेल्या बार्लीचा. चव फिल्टर कॉफी आणि कडू चॉकलेटच्या मधली. पोर्टर हे नाव अठराव्या शतकातल्या लंडनच्या हमालांवरून पडलं, त्यांची ती आवडती बीअर. एकदम चिल्ड मागू नका. थंडीने चव झाकली जाते.

ऑगस्ट : सुट्टी. आषाढ अमावस्येला गटारी असते आणि त्या दिवशी 'किती' हा प्रश्न कळसाला पोहोचतो. आपण उलटं करू. गटारीलाही नाही आणि श्रावणातही नाही. ज्याला महिनाभर सहज थांबता येतं, त्यानेच पुढचं कॅलेंडर वाचावं. थांबणं जड जात असेल तर प्रश्न बीअरच्या चवीचा उरलेला नाही. घरच्या किंवा कॉलेजच्या कौन्सेलरशी बोलायला लाजू नका.

सप्टेंबर : मार्झेन. मार्झेन म्हणजे मार्चमधली. जर्मनीत उन्हाळ्यात बीअर नासायची, म्हणून मार्चमध्ये बनवून थंड तळघरात ठेवायची आणि शरद ऋतूत काढायची. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टशी हिचं नातं जुनं. तो उत्सव १८१० पासूनचा आणि नावात ऑक्टोबर असला तरी सुरू होतो सप्टेंबरमध्येच. चव ब्रून पावाच्या खरपूस कडेसारखी. मात्र अनंत चतुर्दशीला ड्राय डे असतो, विसर्जनाला तर ढोल-ताशाच पुरे.

ऑक्टोबर : आयपीए. पूर्ण नाव इंडिया पेल एल. यातला 'इंडिया' आपलाच. इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला येणारी जहाजं समुद्रात काही महिने असायची. हॉप्स बीअर टिकवायला मदत करतात, म्हणून भरपूर हॉप्सची बीअर प्रवासाला बरी पडायची. इंग्लंडमध्ये ऑक्टोबरमध्ये बनणारी तगडी बीअर त्यात आघाडीवर होती. पुढे तिलाच हे नाव चिकटलं. साधे सैनिक मात्र पोर्टरच पीत, पेल एल साहेब लोकांची. चव कडू, मागे पपनसाची साल. कारलं आवडणाऱ्यांना पहिल्याच घोटात पटते, बाकीच्यांना वेळ लागतो.

नोव्हेंबर : विटबिअर. नागपुरी संत्री बाजारात आलेली असतात. बेल्जियमच्या या पांढुरक्या बीअरमध्ये संत्र्याची साल आणि चक्क धणे घालतात. १९५० च्या दशकात हा प्रकार जवळपास संपला होता. पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६० च्या दशकात होगार्डन गावात तो पुन्हा सुरू केला. एका माणसाने वाचवलेली चव!

डिसेंबर : राउखबिअर. जर्मनीतल्या बाम्बर्गची धुराची बीअर. मोड आलेली बार्ली बीचच्या लाकडाच्या जाळावर वाळवतात. चव अगदी हुरड्याच्या आगटीजवळ बसल्यासारखी. सगळीकडे मिळत नाही, दिसली तर सोडू नका.

जानेवारी : पिल्सनर. सोनेरी, स्वच्छ, कुरकुरीत. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावात पहिल्यांदा बनली. आज जगभर खपणारी फिकट लागर बीअर हिचीच नातवंडं. आजी कशी होती ते एकदा बघा.

फेब्रुवारी : सेझाँ. बेल्जियमच्या शेतांवरची बीअर. हिवाळ्यात बनवायची आणि उन्हाळ्यात शेतमजुरांना द्यायची. घरात जे धान्य असेल ते वापरायचे. म्हणूनच आपल्या धान्यांना इथे जागा आहे. बेंगळुरूत बासमतीची बीअर मिळते. तसंही धान्य आंबवणं आपल्याला नवं नाही. झारखंडची हंडिया, नागालँडची झुथो, लडाखची छांग या साऱ्या इथल्याच क्राफ्ट बीअर म्हणायच्या.

मार्च : मीड. परीक्षा तोंडावर, त्यामुळे पेपर संपल्यावरच. ही तांत्रिकदृष्ट्या बीअर नाही, मध आंबवून बनते. पुण्याच्या 'मूनशाइन'ने ती भारतात आणली. गोडच असेल असं समजू नका.

एप्रिल : गोझे. जर्मनीच्या गोस्लार आणि लाइपझिगकडची आंबट-खारट बीअर. यात मीठ आणि धणे असतात. ऐकायला विचित्र वाटतं ना? मग कोकम सरबत आठवा. पुण्यातल्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने मीठ घातलेली कोकम एल आणली, तेव्हा कोकणातल्या माणसाला ती समजावून सांगायची गरजच नव्हती.

मे : आंबा. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मायक्रोब्रुअरी मोसमात आंब्याची बीअर काढतात. चांगली असेल तर ती मँगो ज्यूससारखी लागत नाही. यीस्ट आंब्याची बरीच साखर खाऊन टाकतं, मागे फक्त वास राहतो.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. बीअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि एक लिटर बीअर बनवताना धुणं, उकळणं, थंड करणं धरून कित्येक लिटर पाणी जातं. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच वेळी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या बीअर कारखान्यांच्या पाण्यावरून वाद पेटला. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश निघाला. आपल्या वर्गातही टँकरच्या गावांतून आलेली मुलं-मुली असतात. लोकल म्हणायचं तर हे पाणीही लोकलच आहे.

एकच ग्लास का?

साधं गणित आहे. ५ टक्के अल्कोहोलच्या ३३० मिली बीअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे 'एकच बाटली घेतली' म्हणणाऱ्याने खरं तर तीन घेतलेल्या असतात. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. ती एक बाटली उतरायला चार ते सहा तास लागणार. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी झोप उडेल, अल्कोहोल कमी होणार नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय, आरोग्यासाठी पूर्णपणे सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. एक ग्लाससुद्धा 'हेल्दी' नसतो, फक्त कमी धोक्याचा असतो.

गाडीचा विषय तर पुण्यात कुणाला नव्याने सांगायला नको. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी तो मित्रांबरोबर पबमध्ये होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे. गेलेले दोघं आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे होते. मित्रांना भेटून घरी निघालेले. त्या रात्रीनंतर 'जवळच तर जायचंय' हे वाक्य आपल्या पिढीने तरी बंद करायला हवं.

गोव्याच्या ट्रिपवाल्यांसाठीही हेच. तिथे वयाची अट १८ आहे, पण रस्त्याचा कायदा देशभर एकच. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा दोन्ही. स्कूटरही त्यात आली.

जाण्यापूर्वी वाचा

• रिकाम्या पोटी नको. आधी जेवा, सोबत पाणी प्या.
• मेन्यूवर अल्कोहोलची टक्केवारी बघा. लिहिलेली नसेल तर विचारा.
• बऱ्याच ठिकाणी आधी घोटभर चव देतात. न आवडणाऱ्या बीअरवर पॉकेटमनी घालवण्यापेक्षा मागून घ्या.
• आधी वास, मग छोटा घोट. कशाची आठवण झाली ते मोबाइलमध्ये एका ओळीत लिहा. वर्षाअखेर तुमची स्वतःची यादी तयार असेल.
• वयाचा पुरावा जवळ ठेवा. तो मागितला म्हणून चिडू नका, न मागणाऱ्या जागेबद्दल शंका घ्या.
• ग्रुपमध्ये कुणी 'नको' म्हटलं तर 'का' विचारू नका. त्याच्यासाठी कोकम सरबत मागवा.
• परतीची रिक्षा, कॅब किंवा मेट्रो आधी ठरवा. गाडीची चावी घरीच ठेवून निघा.