पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

किराणा दुकानात पैसे देण्यासाठी आपण मोबाईल ज्या चौकोनापुढे धरतो, त्याचाच भाऊ मुलांच्या बालभारतीच्या पुस्तकात छापलेला असतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी असे क्यूआर कोड पुस्तकांना जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. २०२० साली गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली!

'दीक्षा' ॲपमधून हा चौकोन टिपला की धड्याची चित्रफीत किंवा इतर साहित्य उघडते. पण नुसती चित्रे पाहून वाचन येत नाही, हे आधी ध्यानात घ्या. आवाज कानावर पडताना बोट अक्षरावर हवे.

आपल्या काटोल, सावनेर, रामटेककडची मुले घरी वऱ्हाडी बोलतात, कुठे हिंदी, कुठे गोंडी. घरी 'हाय' म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकात 'आहे' दिसते. त्यातून आपली लिपीही फसवी. 'कि'ची वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. एकच 'र' सूर्यात डोक्यावर बसतो, चक्रात पायाशी येतो, राष्ट्रात आणखी वेगळा दिसतो. इथे अडलेले मूल चौथीत गेले तरी धडा पाठ म्हणून वेळ मारून नेते आणि घरच्यांना वाटते, पोरगं वाचतं!

याला फुकटचा उपाय आहे. कापूस वेचून घरी आल्यावर रात्री दहा मिनिटे काढा. मुलाला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा आणि मोबाईलच्या रेकॉर्डरवर त्याचा आवाज घ्या. त्याला नेट लागत नाही. मग पुस्तक समोर ठेवून तोच आवाज ऐकवा. अडखळलेला शब्द मूल बहुधा स्वतःच पकडते. पुन्हा वाचून पुन्हा घ्या. अक्षरओळख नसलेल्या आईलाही हे जमते, कारण वाचन सरळ चालले की अडले, ते कानाला कळते. पाठांतराचा संशय आला तर मधलीच ओळ दाखवून वाचायला सांगा.

धडे संपले तर बालभारतीचे 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक मोबाईलवर मोफत वाचता येतात. गोष्ट आवडली की पोर फोन लवकर परत देत नाही, एवढी अडचण तेवढी सोसावी लागेल.