ठमी, टीचर आणि एक जास्तीचा ‘ई’

दत्तक बाळ मिळालं, कडेवर आलं, रात्री कुशीत झोपायलाही लागलं. आता त्याला घेऊन घरी जायचं, तर... थांबा! परक्या देशात, परक्या शहरात, भर पावसाळ्यात. आणि हे परकं शहर कुठलं? आपलं पुणं.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. जून २०२४ चा पहिला आठवडा होता. सहा फुटांच्या वर उंची असलेला एक गोरा माणूस, त्याच्या खांद्यावर वीस लिटरचा पाण्याचा जार, शेजारी बॉयकट केलेली त्याची बायको आणि तिच्या कडेवर एक सावळं, टप्पोऱ्या डोळ्यांचं, अत्यंत संशयी चेहऱ्याचं बाळ. त्या माणसाने मला हसून ‘हाय’ म्हटलं आणि बाळाने भोकाड पसरलं.

‘सॉरी,’ तो म्हणाला. ‘माझा आवाज ऐकला की ती रडते. तुमचा काही दोष नाही.’

आमची बिल्डिंग कोथरूडची. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता, कारण मालकांचा मुलगा परदेशात आणि मालक वर्षातले सहा महिने त्याच्याकडे. (कोथरूडमध्ये असे फ्लॅट किती, हे विचारू नका.) तो या दोघांनी महिन्याच्या भाड्याने घेतला होता. परदेशी पाहुणा उतरला की तेव्हा चोवीस तासांच्या आत ‘फॉर्म सी’ भरून कळवावं लागायचं, हे आमच्या सेक्रेटरीकाकांना त्या आठवड्यात समजलं आणि पुढचा महिनाभर ते भेटेल त्याला हेच सांगत होते.

दोघं आयोवाची. ती शाळेत गणित शिकवते, तो विमा कंपनीत. दत्तक मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि ते योग्यच आहे, म्हणून इथे कुणाचंच नाव नाही. आमच्या वॉचमनने पहिल्याच दिवशी त्यांची ‘टीचर’ आणि ‘लंबूसाहेब’ अशी बारशी करून टाकली होती, तीच चालवते. आणि बाळाचं नाव ठमी. ते तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ठेवलं. कमरेवर हात ठेवल्यासारखा तिचा तो चेहरा बघितला असता, तर तुम्हीही दुसरं नाव ठेवलं नसतं.

खरं सांगते, परदेशी जोडपं मूल दत्तक घ्यायला येतं म्हणजे काय करतं, याबद्दलची माझी कल्पना पूर्ण फिल्मी होती. येतात, बाळ उचलतात, फोटो काढतात, विमानात बसतात, दि एण्ड! प्रत्यक्षात आधी दोन-तीन वर्षं तिकडचीच कागदपत्रं. मग दिल्लीहून ‘कारा’चं, म्हणजे सेंट्रल ॲडॉप्शन रिसोर्स ऑथॉरिटीचं, ना हरकत प्रमाणपत्र. ते मिळालं की संस्थेला लेखी हमी देऊन बाळ तात्पुरतं सांभाळायला घेता येतं, पण भारतातच. मग दत्तकाचा आदेश. हा पूर्वी कोर्ट द्यायचं, १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. आदेशानंतर नव्या आई-बाबांच्या नावाचा जन्मदाखला, मग बाळाचा भारतीय पासपोर्ट, पुन्हा काराचं एक प्रमाणपत्र, शेवटी दिल्लीला जाऊन मेडिकल आणि अमेरिकेचा व्हिसा. हुश्श! यातलं एकही पान पुढे-मागे करता येत नाही.

‘सहा ते आठ आठवडे धरा,’ असं त्यांना सांगितलेलं होतं. टीचरची उन्हाळ्याची सुट्टी होती. लंबूसाहेबांचं गणित जास्त कठीण. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने दत्तक मुलासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, पण बिनपगारी. म्हणजे पुण्यात थांबलेला प्रत्येक आठवडा खिशातून जाणार, वर घरी बाळाजवळ राहण्याचा एक आठवडा कमी होणार. त्याने बारांचे दोन भाग केले. सहा पुण्यासाठी, सहा घरी पोचल्यावर. रजा वाचवून वाचवून डिसेंबरात गोव्याला जाणाऱ्या आपल्या जमातीला हे वेगळं समजावून सांगायला नको!

मऊ भात आणि बूट

ठमी तेव्हा सोळा महिन्यांची. परदेशी जोडप्यांपर्यंत पोचतात ती बहुतेक करून अशी मुलं, ज्यांना इथे घर मिळालेलं नसतं. थोडी मोठी, किंवा काही वैद्यकीय अडचण असलेली. ठमीचं डावं पाऊल जन्मतः आत वळलेलं होतं. क्लबफूट. संस्थेने तिच्यावर वेळेत उपचार केले होते. दर आठवड्याला नवं प्लास्टर घालत पाऊल हळूहळू सरळ करायचं, अशी ती पद्धत. गंमत म्हणजे ही पद्धत शोधली डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी. मूळचे स्पेनचे, पण अनेक दशकं काम केलं ते आयोवा विद्यापीठात. टीचरने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. ‘आम्ही इथे पोचायच्या आधीच आमच्या गावाकडचं काहीतरी तिच्यापर्यंत पोचलं होतं,’ ती म्हणाली.

प्लास्टर संपलं तरी बूट उरले. एका आडव्या पट्टीला जोडलेले दोन बूट रोज रात्री झोपताना घालायचे, साधारण चार वर्षांची होईपर्यंत. रोज रात्री नऊ वाजता दुसऱ्या मजल्यावरून किंकाळी आली की आम्ही समजायचो, ठमीचे बूट चढले.

तिचं रडणं आणखी एका कारणासाठी होतं. संस्थेत तिला सांभाळणाऱ्या सगळ्या मावश्या. पुरुषाचा जाड आवाज तिच्या माहितीतलाच नव्हता. लंबूसाहेबांनी तिसऱ्या दिवशी दाढी काढून टाकली. फरक शून्य. मग तो जमिनीवर आडवा पडून राहायला लागला, म्हणजे उंची तरी कमी दिसेल! तासन्‌तास. पंधराव्या दिवशी ठमी स्वतःहून त्याच्या पोटावर चढून बसली. त्याने हलायचं नाही म्हणून तब्बल चाळीस मिनिटं शू दाबून धरली, हे त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ‘शू’ हा शब्द मराठीतच वापरून.

त्यांच्या फ्रिजवर शब्दांची यादी होती. मम्मम, भू, काऊ, शी, गाई-गाई, नको, बास. बाळाला आपलं काहीच कळत नाही, या भीतीने टीचरने ती पहिल्याच आठवड्यात संस्थेतल्या मावशीकडून लिहून आणली होती. तिथूनच नाचणीच्या सत्वाची कृतीही आणली. दुकानातले डबाबंद पदार्थ ठमी थुंकून टाकायची. आजींनी मऊ भात, वरण, तूप सुरू केलं. जायफळ उगाळून चाटवायचा त्यांचा बेत मात्र टीचरने ठाम नकार देऊन हाणून पाडला आणि दोन दिवस दोन मजल्यांमध्ये शीतयुद्ध चाललं. मी टीचरच्या बाजूने होते. आजींना अजून माहीत नाही.

बाकी दिवस कसा जायचा? विचारू नका. पाऊस सुरू झालेला, दुपटी वाळत नाहीत, म्हणून रोज दुपारी इस्त्री करून वाळवायची. डासांची जाळी. गॅस सिलिंडर संपणं हा प्रकार दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवला. संध्याकाळी बाबागाडी घेऊन फिरायला निघावं, तर फुटपाथ कुठे आहे? बाबागाडी दारामागे गेली आणि ठमी ओढणीच्या झोळीत. भाजलेलं कणीस, त्यावर लिंबू-तिखट, हा मात्र त्यांचा रोजचा कार्यक्रम. आयोवा म्हणजे मक्याचं राज्य. ‘आम्ही जन्मभर मका उकडून लोणी लावून खाल्ला, कुणी एकाने सुद्धा तो निखाऱ्यावर टाकून बघितला नाही?’ असा लंबूसाहेबांचा संताप.

आणि लोक. रिक्षावाला, केमिस्ट, बागेतल्या काकू, सगळ्यांचा एकच प्रश्न: ‘ही कुणाची?’ टीचरला मराठी येत नव्हतं, पण हे दोन शब्द ती आठवड्यात ओळखायला शिकली. आदेश यायच्या आधी या प्रश्नावर ती गप्प बसायची. कायद्याने ठमी तेव्हा तिची नव्हतीच. ‘खोटं बोलू का खरं, हेच कळत नाही,’ असं ती एकदा जिन्यात म्हणाली होती. तिच्या वर्गात बसले असते, तर हिला असं घाबरलेलं बघण्याची कल्पनाही मला करता आली नसती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आदेश आला. लंबूसाहेबांनी पूर्ण बिल्डिंगला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी केमिस्टच्या दुकानात कुणीतरी विचारलं, तेव्हा टीचर एवढ्या मोठ्यांदा ‘माझी!’ म्हणाली की दुकानदाराने दचकून वर बघितलं.

प्रोसेसमध्ये आहे

त्याचे सहा आठवडे संपले आणि तो गेला. पंधरा दिवसांत दोघी मागोमाग येणार, असा हिशोब होता. मग कागद हातात आला आणि आडनावात एक ‘ई’ जास्त! कुठल्या कचेरीत झालं ते जाऊ दे. वडिलांच्या पासपोर्टवर एक स्पेलिंग, मुलीच्या कागदावर दुसरं. एवढ्यावर पुढचं सगळं अडलं. दुरुस्तीचा अर्ज, त्याला जोड, जोडाला पुन्हा सही. तिने फोन केला की उत्तर एकच: ‘प्रोसेसमध्ये आहे.’ माझी मदत म्हणजे तिच्या वतीने तेच वाक्य मराठीत ऐकणं.

मी चिडले होते. एका अक्षरासाठी? मग कामाच्या निमित्ताने थोडं वाचलं. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं होतं. भारतातली मुलं दत्तकाच्या नावाखाली परदेशी जातात, पुढे त्यांचं काय होतं हे कुणी बघत नाही, असं. त्या पत्राचीच याचिका झाली, १९८४ साली निकाल आला, १९९० मध्ये कारा स्थापन झाली, २००३ मध्ये भारताने हेगचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. टीचरच्या फायलीतला जवळजवळ प्रत्येक कागद त्या पत्रापासून सुरू झालेला. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. परदेशी जाणारी मुलं थोडीच, आणि त्यांचे कागद जाडजूड. असू देत जाडजूड. पण जास्तीचा ‘ई’ काढायला महिना लागावा, याचं समर्थन मला तरी अजून सापडलेलं नाही.

२५ जुलैला पुण्यात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून सोडलेलं पाणी, सिंहगड रोडवर एकतानगरीत घराघरात पाणी. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण लाईट गेले, नेट गेलं. पहाटे टीचर ठमीला घेऊन आजींच्या दारात उभी. काही झालं नव्हतं. फक्त अंधार होता आणि आयोवात फोन लागत नव्हता. आजींनी इंग्रजीचा एक शब्दही न बोलता तिला आत घेतलं, चहा टाकला आणि ‘आता इथेच झोपायचं’ असं बोटाने दाखवलं. शीतयुद्ध तिथे संपलं.

आणि मग ऑगस्टच्या मध्यावर, एका दुपारी, दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ठमी उभी राहिली. भिंत सोडली. एक, दोन, तीन, चार... आणि आजींच्या साडीवर आपटली. आम्ही चौघी होतो, वॉचमन पाचवा. सगळे ओरडलो. टीचर खाली बसून रडत होती आणि मला वाटलं आनंदाने. मग तिने घड्याळाकडे बघितलं. आयोवात पहाटेचे तीन.

‘त्याला सांगायचं नाही,’ ती म्हणाली. ‘कुणीच नाही.’

ज्या माणसाने तिच्या मांडीएवढं व्हायला पंधरा दिवस जमिनीवर काढले, त्याने हे फोनच्या स्क्रीनवर बघायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. पुढचे तीन आठवडे बिल्डिंगने हे गुपित सांभाळलं. आमच्या बिल्डिंगने! जिथे कुणाकडे कुठली भाजी आहे हे गेटपर्यंत माहीत असतं. व्हिडिओ कॉल आला की ठमीला पटकन उचलून कडेवर घ्यायचं, असा नियमच झाला.

ऑगस्टअखेर पासपोर्ट आला. तिची शाळा तिकडे सुरू झाली होती, आता तिचीही बिनपगारी रजा जळत होती. निघायच्या आदल्या दिवशी आजींनी उकडीचे मोदक केले. गणपतीला आठवडा होता. ‘बाप्पांना सांगितलंय मी, अर्जंट आहे म्हणून,’ आजी म्हणाल्या. ठमीने सारण खाल्लं आणि पारी वॉचमनच्या हातात दिली. ७ सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा दोघी दिल्लीत व्हिसाची वाट बघत होत्या. त्यानंतर शिकागो. इमिग्रेशनचा शिक्का पडला की बाळ त्या क्षणापासून अमेरिकन नागरिक, असा तिकडचा कायदा. म्हणजे ज्या निळ्या पासपोर्टसाठी एवढे आठवडे गेले, त्याचं काम एका प्रवासाचं.

पहिले दिवस सोपे नव्हते. ठमी रात्री उठून दाराकडे बोट दाखवायची आणि ‘आजी’ म्हणायची. आजींशी व्हिडिओ कॉल केला तर जास्तच रडायची, म्हणून महिनाभर तोही बंद ठेवला. तो महिना आजींनी कसा काढला, ते आम्ही बघितलं.

हा लेख लिहू का, असं परवा मी टीचरला फोनवर विचारलं. नावं नाहीत, पण पावलांचं गुपित त्यात येणार. नवरा वाचेल की?

ती जोरात हसली. ‘मी नाताळातच सांगून टाकलं त्याला. राहवेना.’

‘मग? काय म्हणाला?’

‘म्हणाला, मला एअरपोर्टवरच कळलं होतं. पहिलं पाऊल टाकणारं बाळ असं वळून परत येत नाही.’